स्टोक्ससाहेबांच्या डोंगरावर

पहिला दिवस : नागपूर ते कालका

बाबा पंचाहत्तर वर्षांचे. काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे, आणि सप्टेंबर म्हणजे आंबिया बहाराच्या फळगळीचे दिवस. अशा वेळी बाग सोडून ते कुठे जात नाहीत. तरीही या वेळी आले, कारण मी त्यांना सांगितलं होतं, "एका माणसाने आख्ख्या डोंगराला फळझाडं लावायला शिकवलं, तो डोंगर बघायला चला." बाग शेजाऱ्यांच्या हवाली करून, औषधांची पिशवी आणि संत्रा बर्फीचे दोन डबे घेऊन ते स्टेशनवर माझ्याआधी हजर होते.

तो माणूस म्हणजे सॅम्युअल इव्हान्स स्टोक्स. जन्म १६ ऑगस्ट १८८२, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात. घराणं क्वेकर या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचं, श्रीमंत. वडिलांचा लिफ्ट बनवण्याचा कारखाना. मुलाने तो सांभाळावा, अशी घरच्यांची साहजिक अपेक्षा. मुलाने १९०४ साली, बाविशीही पूर्ण झालेली नसताना, हिंदुस्थानची वाट धरली आणि शिमल्याच्या अलीकडे सुबाथूच्या कुष्ठधामात मिशनरी म्हणून कामाला लागला.

मी नागपुरात इतिहास शिकवते. रोज काँग्रेसनगरवरून जाते. १९२० च्या डिसेंबरात तिथे काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्यावरूनच त्या भागाला हे नाव पडलं. असहकाराच्या ठरावासाठी ते अधिवेशन सगळ्यांना ठाऊक असतं. त्या मांडवात शिमल्यापलीकडच्या कोटगढच्या डोंगरातून आलेला एक अमेरिकन प्रतिनिधी बसला होता, हे मलासुद्धा फार उशिरा कळलं. तेव्हापासून हा प्रवास मनात होता.

दिल्लीला गाडी बदलली, रात्र बसूनच गेली, पहाटे कालका.

दुसरा दिवस : सुबाथू

कालका-शिमला गाडीची आम्हाला धास्ती होती. पावसाळ्यात दरड कोसळली की ती बंद पडते. पण सुरू होती. ९६ किलोमीटरचा हा मार्ग १९०३ च्या नोव्हेंबरात सुरू झाला, म्हणजे स्टोक्स आले तेव्हा रूळ अगदी नवे असणार. आम्ही शिमल्यापर्यंत न जाता मध्येच धरमपूरला उतरलो आणि तिथून टॅक्सीने पंधरा किलोमीटरवरच्या सुबाथूला गेलो.

सुबाथू लहानशी छावणी आहे. १८१५ च्या गुरखा युद्धानंतर इंग्रजांनी इथे पलटणी ठेवल्या, आजही गुरखा रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र इथे आहे. चिराच्या, म्हणजे डोंगरी पाइनच्या, झाडांतून उतरणारे रस्ते, पांढरा चुना मारलेले दगड, शिस्तीची शांतता. आरक्षण केलेल्या लॉजवाल्याने ऐन वेळी खोली नाही म्हणून हात वर केले. तासभर हिंडल्यावर एका माजी सुभेदारांच्या घरी दोन खाटा मिळाल्या. रात्री त्यांच्या पत्नीने वाढलेला राजमा-भात बाबांना इतका आवडला की त्यांनी बर्फीचा पहिला डबा तिथेच उघडला.

कुष्ठधाम बघायला आम्ही आत गेलो नाही. आजारी माणसं राहतात ती जागा प्रेक्षणीय स्थळ नाही, हे बाबांचं म्हणणं आणि ते बरोबर होतं. समोरच्या कठड्यावर बसलो. मी बाबांना सांगत होते, डॉक्टर कार्लटन आणि त्यांच्या पत्नीबरोबर स्टोक्स इथे आले. त्या काळी या रोगावर खात्रीचा इलाज नव्हता. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, सोबत करायची, एवढंच हातात होतं. वर्षभरात, ४ एप्रिल १९०५ ला, कांगड्याचा भूकंप झाला, वीस हजारांच्या आसपास माणसं गेली, तेव्हा स्टोक्स तिकडे मदतीला धावले.

बाबांनी आनंदवनाचा विषय काढला. वरोऱ्याला ते तरुणपणी एकदा गेले होते. "बाबा आमटे पण जमीनदाराच्याच घरचे," ते म्हणाले. मग थोडा वेळ गप्प बसून त्यांनी तो प्रश्न विचारला जो पुढे सगळ्या प्रवासभर आमच्या सोबत राहिला.

"पोरी, तू म्हणते सोडलं. पण सोडलं म्हणजे नेमकं काय केलं त्या माणसानं? पैसा तं फिलाडेल्फियात तसाच होता नं?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही.

सुबाथूशी आणखी एका माणसाचं नातं आहे, साधू सुंदरसिंग. १८८९ साली लुधियानाजवळच्या रामपूरला सधन शीख जमीनदाराच्या घरी जन्म. ख्रिस्ती व्हायचं ठरवल्यावर घर सुटलं. ३ सप्टेंबर १९०५ ला, सोळाव्या वाढदिवशी, शिमल्यात बाप्तिस्मा झाला आणि थोड्याच दिवसांत त्यांनी भगवी वस्त्रं घातली. स्टोक्स आणि ते बरोबर हिंडले, बरोबर रुग्णसेवा केली. एक फिलाडेल्फियाचा, एक पंजाबचा, दोघांच्याही मागे भरलेलं घर. १९२९ च्या एप्रिलमध्ये सुंदरसिंग सुबाथूहून तिबेटकडे निघाले ते परत आलेच नाहीत.

तिसरा दिवस : शिमला

शिमल्यात फक्त मुक्काम केला. बाबांचे गुडघे आणि तिथले चढ, दोघांचं जमेना. मॉल रोडवरच्या एका बाकावर त्यांना बसवून मी रिजवरच्या चर्चपर्यंत जाऊन आले.

चौथा दिवस : नारकंडा, थानेधार

सकाळी निघालो, आणि ठियोगच्या पुढे अडकलो. रात्री दरड उतरली होती, जेसीबी माती ओढत होता. आमच्या मागे-पुढे सफरचंदांनी भरलेल्या गाड्यांची रांग. बाबा खाली उतरले आणि रांगेतल्या एका ट्रक ड्रायव्हरशी त्यांच्या मोडक्या हिंदीत बोलत उभे राहिले. अर्ध्या तासात त्यांना मंडीतला भाव, पेटीचं वजन, आडत, भाडं सगळं ठाऊक झालं होतं. परत येऊन म्हणाले, "रडगाणं आपलंच आहे. फक्त फळ लाल."

नारकंडा २,७०० मीटर उंचीवर. तिथून हिंदुस्तान-तिबेट रस्त्याचा फाटा देवदारांतून खाली थानेधार आणि कोटगढकडे जातो. ढग रस्त्यावरच बसले होते, समोरचं काही दिसेना. एका वळणावर ढग फाटला आणि खाली सतलजचं खोरं दिसलं, नदीपासून वर जंगलापर्यंत पायऱ्यापायऱ्यांची शेतं, आणि प्रत्येक पायरीवर सफरचंदाची झाडं. काही बागांवर गारांपासून वाचवायला पांढऱ्या जाळ्या ताणलेल्या, लांबून डोंगरावर धुणं वाळत घातल्यासारख्या. बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहिले.

आमचे घरमालक बागायतदार होते. रात्री त्यांच्या स्वयंपाकघरात चुलीजवळ बसून सिड्डू खाल्ले. गव्हाच्या आंबवलेल्या पिठात अक्रोडाचं सारण भरून वाफवलेले, वर तुपाची धार. घरमालकांच्या आजोबांच्या तोंडी स्टोक्सचं नाव "साहब" एवढंच असायचं, असं ते म्हणाले. कुठला साहेब, हे विचारायची गरज पडत नसे.

पाचवा दिवस : बाग

हा दिवस बाबांचा होता, म्हणून सविस्तर लिहिते.

सकाळी सहालाच तोडणी सुरू झाली. मजुरांच्या पाठीवर किल्टे, म्हणजे वर रुंद, खाली निमुळत्या बांबूच्या टोपल्या. घरमालकांनी बाबांना तोडायचं कसं ते दाखवलं. फळ ओढायचं नाही. तळव्यात धरायचं, वर उचलून हलकेच वळवायचं, म्हणजे ते देठासकट सुटतं. देठ निघाला तर फळ लवकर खराब होतं, भाव पडतो. आणि फळाशेजारचा डोळा मोडला तर पुढच्या वर्षीचं फळ गेलं. बाबांनी पहिलं फळ तोडलं आणि देठ शाबूत आहे ना ते बघून माझ्यापुढे धरलं. संत्रं आम्ही कात्रीने किंवा पिळून काढतो, त्यामुळे त्यांच्या हाताला ही वळवण्याची सवय नव्हती. दहाव्या फळापर्यंत ती आली.

मग झाडाखाली बसून दोघा बागायतदारांचं जे चाललं ते मी दुभाषी म्हणून ऐकलं. आम्ही बहार धरायला झाडाला पाण्याचा ताण देतो, त्यांच्या झाडाला तोच ताण हिवाळ्यातली थंडी देते. थंडीचे तास भरले नाहीत तर फुलं नीट येत नाहीत. रोग म्हणाल तर आमच्याकडे डिंक्या आणि कोळशी, त्यांच्याकडे बुंधा सडणं आणि पानावरचे डाग. बाबांनी विचारलं, या लाल झाडांत मधे मधे पिवळ्या फळाचं झाड कशाला? घरमालक म्हणाले, "या लाल रॉयलला स्वतःचा पराग चालत नाही. हे पिवळं गोल्डन जवळ असेल तर मधमाश्या काम करतात. गोल्डन नसेल तर रॉयलला फळ धरत नाही."

आता हे गोल्डन इथे कसं आलं, ते मला माहीत होतं. पण आधी मागचं सांगायला हवं.

सुबाथूनंतर स्टोक्स यांनी गरिबीचं व्रत घेतलं होतं. संत फ्रान्सिस हा त्यांचा आदर्श. फकिराचा वेष, पायी भटकंती, भिक्षा. लाहोरच्या बिशपांच्या पाठिंब्याने त्यांनी १९१० च्या सुमारास येशूच्या अनुकरणाला वाहिलेला एक बंधुसंघही काढला, पुढे गांधीजींचे मित्र झालेले इंग्रज मिशनरी सी. एफ. अँड्र्यूज त्यात काही काळ होते. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' उभारला, तो काळही हाच. परदेशी मिशनच्या छपराखालचा येशू इथल्या माणसाला परका वाटतो, ही बोच अनेकांना एकाच वेळी लागली होती.

पण स्टोक्स यांना वर्षा-दोन वर्षांत आणखी एक गोष्ट कळून चुकली. लोक त्यांच्या पाया पडत, त्यांना साधू मानत, आणि तरी आपलं मानत नसत. ज्याला बायको-पोरं नाहीत, शेत नाही, देणेकरी नाहीत, त्याला गावाचं दुःख कळणार किती? त्यांनी संघ सोडला. १९१२ साली अ‍ॅग्नेस या स्थानिक राजपूत ख्रिस्ती घरातल्या मुलीशी लग्न केलं आणि थानेधारजवळ बारोबाग इथे जमीन घेतली. त्या जमिनीला वारशातला पैसा लागला.

हे मी सांगितलं तेव्हा बाबांनी लगेच पकडलं. "हे पाय! मी काय म्हणत होतो?"

"पुढे तरी ऐका, बाबा."

इथल्या लोकांची शेती गहू, मका, बटाटा; पोटापुरती. हिमाचलात सफरचंद आधीही होतं. कुल्लूला कॅप्टन ली यांनी १८७० च्या दशकात इंग्लंडची झाडं लावली होती, पण ती फळं आंबट, गिऱ्हाइकाला गोड हवं असे. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या स्टार्क ब्रदर्सच्या रोपवाटिकेने रेड डेलिशियस नावाची नवी गोड जात बाजारात आणली होती. स्टोक्स यांनी ती रोपं आणून १९१६ साली इथे लावली. मग १९२१ मध्ये त्यांच्या आईने नाताळची भेट म्हणून त्याच रोपवाटिकेची गोल्डन डेलिशियसची रोपं पाठवली.

बाबा ऐकता ऐकता थांबले. "आईनं?"

"आईनं."

"आणि ती रोपं त्यानं गावाले दिली?"

दिली. रोपं दिली, लावायची कशी, छाटायची कशी ते शिकवलं, झाडं फळाला येईपर्यंत धीर दिला. गहू सोडून झाड लावायचं म्हणजे पाच-सात वर्षं हातात काही नाही, हे शेतकऱ्याला सांगणं सोपं नसतं. बाबांना हे जास्त सांगावं लागलं नाही. आमच्या आजोबांनी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, मोडून संत्रा लावला तेव्हा आजी दोन वर्षं त्यांच्याशी धड बोलत नव्हती, हे आमच्या घरात अजून सांगतात.

बाबांनी शेजारच्या गोल्डनच्या झाडाला हात लावला. बुंध्यावरून बोटं वरपर्यंत नेली, कलम कुठे बांधलं ती गाठ शोधली, आणि तिथेच हात ठेवून उभे राहिले. प्रश्न काही परत विचारला नाही.

दुपारी परमज्योती मंदिरात गेलो. स्टोक्स यांनी १९३७ साली बांधलेलं, पहाडी धाटणीचं. लाकडावर उपनिषदांतली आणि गीतेतली वचनं कोरलेली आहेत. १९३२ साली स्टोक्स आर्य समाजाच्या विधीने हिंदू झाले आणि सत्यानंद हे नाव घेतलं. अ‍ॅग्नेस प्रियादेवी झाल्या. ज्यांनी येशूचं नाव घेतलं नाही ते सगळे कायमचे नरकात, ही कल्पना त्यांच्या मनाला कधी पटली नाही, आणि आपल्या मुलांनी इथल्या समाजात उपरं राहू नये असंही त्यांना वाटत होतं. या बदलाचा जयजयकार करणारे मला भेटले आहेत आणि त्याला घात म्हणणारेही. मला दोन्ही पटत नाही. सुबाथूच्या जखमा धुणारा आणि या मंदिराचं लाकूड निवडणारा माणूस एकच आहे, आणि फ्रान्सिसची गरिबी त्याच्या अंगावरून कधी उतरलेली मला दिसत नाही.

त्यांचं घर, हार्मनी हॉल, जवळच आहे. कुटुंबाची खाजगी वास्तू, म्हणून बाहेरच्या वाटेवरूनच पाहिलं. दगड, लाकूड, पाटीच्या दगडाचं छप्पर.

सहावा दिवस : कोटगढ आणि जुना रस्ता

थानेधारहून खाली कोटगढ. इथे चर्च मिशनरी सोसायटीचं काम १८४० च्या दशकापासून होतं. सेंट मेरी चर्चच्या आवारात देवदार आहेत आणि तिथली शांतता अशी की बाबा कुजबुजत बोलू लागले. सुंदरसिंग तिबेटला जाताना-येताना याच गावात टेकत.

चर्चपासून घरमालकांनी आम्हाला जुन्या रस्त्याचा एक तुकडा दाखवला. आता त्यावर गवत आहे. याच रस्त्याने बेगार चालायची. साहेब दौऱ्यावर किंवा शिकारीला निघाला की तंबू, पेट्या, खाटा वाहायला गावातून माणसं धरून न्यायची, पेरणी असो की कापणी. मजुरी नावापुरती, नाही म्हणायची सोय नाही. घरमालक म्हणाले, त्यांच्या पणजोबांच्या खांद्यावर ओझ्याच्या दोरीचा वळ होता, तो मरेपर्यंत गेला नाही. हे सांगताना त्यांनी स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवून जागा दाखवली.

स्टोक्स यांनी या बेगारीविरुद्ध गावं एकत्र केली, अर्जांवर अर्ज केले, वर्तमानपत्रांत लिहिलं, आणि १९२१ साली कोटगढची बेगार थांबली. पहिल्या महायुद्धात हेच स्टोक्स ब्रिटिश सैन्यात भरतीच्या कामावर होते. जालियनवाला बागेनंतर ते बदलले, खादी घालू लागले, नागपूरला आले. सरकारी नोकऱ्या सोडा असं सांगणाऱ्या १९२१ च्या जाहीरनाम्यावर गांधीजींबरोबर सही करणारे ते एकटेच परदेशी. ३ डिसेंबर १९२१ ला लाहोरला जाताना वाघ्याला त्यांना राजद्रोहाखाली अटक झाली, सहा महिन्यांची शिक्षा. गोरी कातडी त्यांना वाचवू शकली नाही, असं गांधीजींनी 'यंग इंडिया'त लिहिलं.

तारीख सांगितली आणि माझ्याच लक्षात आलं. अटक डिसेंबर १९२१. आईने रोपं पाठवली तेही १९२१, नाताळची भेट. म्हणजे ज्या नाताळासाठी आईने रोपं दिली, त्या नाताळात मुलगा लाहोरच्या तुरुंगात होता.

मी हे बाबांना सांगितलं. ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले. वारा खूप होता, त्यांनी मफलर कानाला गुंडाळला आणि कितीतरी वेळाने विचारलं, "किती लेकरं होती त्याले?"

सात. त्यातला तारा लहानपणीच आमांशाने गेला. त्याच्या नावाने स्टोक्स यांनी शाळा काढली, आसपासच्या गावांतली मुलं-मुली तिथे शिकली. १४ मे १९४६ ला ते गेले. स्वातंत्र्य सव्वा वर्षावर होतं.

सातवा दिवस : परत

निघताना बाबांनी बर्फीचा दुसरा डबा घरमालकांच्या हाती दिला. त्यांनी गाडीत एक पेटी ठेवली, वरचा थर लाल, खालचा पिवळा. पैसे घेईनात.

गाडीत बाबांनी पेटी मांडीजवळ ठेवली. शेजाऱ्यांचा फोन आला, दोन रात्री पाऊस झाला, तीनेक टोपल्या फळ गळलंय. बाबा "बरं, बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. एरवी त्यांनी दहा प्रश्न विचारले असते.

अंबाला गेल्यावर त्यांनी एक गोल्डन काढलं, चाकूने चार फोडी केल्या, दोन मला दिल्या.

"जहाजानं आली असतील नं ती रोपं?"

"हो. दुसरं काय होतं तेव्हा."

"महिना-दीड महिना." ते खिडकीबाहेर बघत होते. "हिवाळ्यात झोपलेलं रोप, पानं झडलेलं, म्हून चाललं असंल. मुळ्या ओल्या ठेवायला लागतात. आपण भुसा घेतो, तरी तीन दिवसांच्या वर भरवसा नसतो." फोड चावून झाली तरी ते विचारातच होते. "त्या माउलीनं मुळ्या कशात बांधल्या असतील गं?"